कापूस घरात असताना

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तसं आत्या पंधरा दिवस आमच्याकडे संभाजीनगरला राहिली. डोळ्यांवर काळा चष्मा, पोथी बंद, टीव्ही बंद, खाली वाकायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही (गॅसलाही ती चूलच म्हणते). ऐंशी ओलांडलेल्या आणि जन्मभर हात चालता ठेवलेल्या बाईनं दिवसभर करायचं काय? तिसऱ्या दिवशी मला वाटलं, आता आपली पाळी. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, भजनाची एक जुनी कॅसेट मी गेल्या पावसाळ्यात कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. तिच्यावर महिनाभर कामही केलं होतं. आत्याला माझ्या खोलीत नेलं, खुर्चीत बरोबर मधोमध बसवलं. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं मिळून समभुज त्रिकोण व्हावा लागतो. मी तो मोजपट्टीनं मोजून फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा करून ठेवलाय. बायको त्याला 'रांगोळी' म्हणते. खिडकी लावली, पंखा बंद केला आणि अण्णांना सुरू केलं.

आत्या थोडा वेळ गप्प होती. मग अंगावर कुणी आलं की माणूस मान मागे घेतो, तशी तिनं मान मागे घेतली. म्हणाली, "लई जवळून यायलाय रे. जरा लांब कर त्याला." मी आवाज कमी केला. "आवाजाचं नाही म्हणायले मी. त्याला लांब कर. इतक्या जवळून तर तुझ्या आईनंबी ऐकलं नसंल."

मी हसलो. ती पण हसली. पण ते वाक्य मला रात्रभर पचलं नाही.

माझी ही हौस घरात कुणाला फारशी समजलेली नाही. चांगल्या दुभत्या म्हशीच्या किमतीत मी दोन बुटके, काळे, दिसायला अजिबात देखणे नसलेले स्पीकर आणले. स्टुडिओत रेकॉर्डिंग तपासायला वापरतात त्या जातीचे. त्यांचं काम गोड वाजणं हे नसतंच. आलं तसं पुढे देणं, एवढंच त्यांचं काम. त्यात स्वतःच्या पदरचं काही घालायचं नाही आणि खिशातही घालायचं नाही. मोजमापाचा माइक आणला. तो खुर्चीच्या जागी उभा करून स्पीकरमधून 20 हर्ट्झपासून 20,000 हर्ट्झपर्यंत (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) एक चढत जाणारा सूर सोडायचा, आणि पडद्यावर रेष किती सपाट येते ते बघायचं. सपाट म्हणजे खालचे-वरचे सगळे सूर सारख्याच जोरात. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा विचारलं होतं, "रात्री कोल्हं पाळलंय का?" रेष काही सपाट येईना. माझी खोली 12 फूट लांब, त्यामुळे 47 हर्ट्झच्या आसपास ती घागरीसारखी घुमते. हा दोष स्पीकरचा नाही, भिंतींचा आहे. लाटेची अर्धी लांबी आणि खोलीची लांबी जुळली की असं होतं. मग मी स्पीकर इकडे सरकव, तिकडे सरकव, कोपऱ्यात आवाज पिणारे रॉकवूलचे गठ्ठे उभे कर, असं करत वर्ष घालवलं. त्या वर्षात मी गाणं कमी आणि तो कोल्हाच जास्त ऐकला, हे मला मान्य आहे.

आणखी एक कबुली. वयाच्या पन्नाशीत मला 12,000 हर्ट्झच्या वरचं जवळपास काहीच ऐकू येत नाही. सगळ्यांचं होतं असं, कान वरून झिजत येतात. मुलाला बसवलं तर तो डोळे मिटून सांगतो, "आता वाजतंय, आता थांबलं," आणि मी नुसता पडद्याकडे बघत असतो. म्हणजे मी विकत घेतलेल्या अचूकतेचा वरचा मजला माझ्यासाठी कायमचा कुलूपबंद आहे. मुलगा तिथून फेरफटका मारून येतो.

लातूरला माझा एक मित्र आहे, तबला शिकवतो. त्याच्याकडे व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आहे. संध्याकाळी तो चालू केला की काचेच्या नळ्यांतून नारिंगी उजेड येतो आणि खोलीत इस्त्रीसारखा वास सुटतो. लातूरच्या उन्हाळ्यात तो दोन महिने चालवताच येत नाही, पण ते सोडा. त्याच्या आणि माझ्या भांडणाला आता पंधरा वर्षं झाली. मी म्हणतो, तुझं यंत्र खोटं बोलतं. रेकॉर्डिंगमध्ये नसलेला दुसरा हार्मोनिक ते प्रत्येक सुरात मिसळतं. तो म्हणतो, दुसरा हार्मोनिक म्हणजे काय रे? त्याच सुराचं वरचं सप्तक. सा लावला तर त्याच्यामागे बारीकसा तार सा. यात बेसूर काय झालं? मग तो त्याचा हुकमी एक्का काढतो, तो म्हणजे तंबोरा. मिरजेचा कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेचा तो झंकार, काढतो तेव्हा काय करतो? साध्या तारेत हार्मोनिकांची जत्रा भरवतो. मग त्यालाही खोटारडा म्हण.

यावर माझ्याकडे उत्तर आहे, आणि ते अजूनही खरं आहे असं मला वाटतं. जवारी तंबोऱ्यात हवी, ॲम्प्लिफायरमध्ये नको. गवयानं जी जवारी कानानं पारखून घेतली, ती माइकच्या अलीकडे घेतली. तिच्यावर माझ्या यंत्रानं आणखी एक जवारी चढवायची म्हणजे वाढप्यानं पंगतीत प्रत्येक भाजीवर स्वतःच्या हातानं वरून तूप सोडत जाण्यासारखं आहे. पुरणपोळीवर ठीक, ठेच्यावरही ठीक, पण मठ्ठ्यातसुद्धा? शिवाय 'ज्याची त्याची आवड' हेही तितकंसं खरं नाही. फ्लॉइड टूल नावाच्या कॅनडातल्या संशोधकानं वर्षानुवर्षं लोकांना पडद्याआडचे स्पीकर ऐकवले. किंमत नाही, नाव नाही, रूप नाही, फक्त आवाज. आणि बहुतेकांनी, शिकलेल्या कानाच्या आणि न शिकलेल्याही, सपाट रेषेवाल्या स्पीकरांनाच कौल दिला. हे मी लातूरच्या मित्राला दरवर्षी ऐकवतो. तो दरवर्षी म्हणतो, "पडद्याआड बसून कुणी जेवतं का?"

असो. कॅसेटकडे येतो.

आमचं गाव मानवत तालुक्यातलं. काळी जमीन, कापूस. ज्यांनी कापसाचं घर पाहिलं नाही त्यांना ते सांगणं अवघड आहे. दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली की घर हळूहळू कापसाच्या ताब्यात जायचं. एकाधिकार खरेदीचे दिवस, म्हणजे कापूस सरकारलाच विकायचा. केंद्रावर बैलगाड्यांची रांग, नंबर कधी लागेल नेम नाही, तोवर माल घरात. आधी माडी भरायची, मग मधलं घर. कापूस छातीपर्यंत, मग डोक्यापर्यंत, मग आढ्याला. आम्ही पोरं वरून त्यात उड्या मारायचो आणि संध्याकाळी अंग खाजवत बसायचो. त्याचा एक कोरडा, धुळकट, किंचित सरकीच्या तेलासारखा वास असतो, तो अंथरुणापर्यंत यायचा. आणि आगीची धास्ती. कंदील आत न्यायचा नाही, बिडी ओढायची तर ढाळजेच्या बाहेर. भजनाला आलेली मंडळी दोन अभंगांच्या मधे बाहेर जाऊन अंधारात ठिपके पेटवून यायची.

आमचं घर माळवदाचं, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, सागाचे खांब, खाली शेणानं सारवलेली जमीन. बैठकीला लागून मधलं घर, दोन्हींच्या मधे दार नाही, नुसती चौकट. एकादशीला बैठकीत भजन बसायचं आणि त्या चौकटीतून कापसाचा उतार अर्धा बैठकीत आलेला असायचा. टाळकरी त्याला टेकून बसायचे. आणि का कोण जाणे, त्या दोन-तीन महिन्यांत आमच्या घरात जे वाजायचं ते गोड वाजायचं. पेटी गोड, अण्णांचा आवाज गोड, रेडिओवरचं परभणी केंद्र गोड. टाळसुद्धा कानात घुसायचे नाहीत. कापूस गेला की घर मोठं आणि रिकामं व्हायचं आणि आईनं मधल्या घरातून मारलेली हाक एकदम कडक ऐकू यायची. आम्हाला वाटायचं, पैसे येऊन संपलेसुद्धा म्हणून घर असं भकास वाटतंय.

खरं कारण मला चाळिशीनंतर कळलं. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात एक नवं सभागृह बांधलं होतं, त्यात बोललेलं कुणाला काही कळेना, शब्दावर शब्द चढायचे. 1895 साली वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला सांगितलं, बघ बाबा काय करता येतं ते. त्यानं रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या बाकांवरच्या गाद्या वाहून आणल्या, एकेक मांडत गेला आणि ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरायला किती सेकंद लागतात ते मोजत गेला. सकाळ व्हायच्या आत गाद्या परत. त्यातून त्यानं सूत्र काढलं. खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त रेंगाळतो, आणि खोलीत आवाज पिणारं जितकं जास्त, तितका लवकर विरतो. हे वाचताना मला त्या गाद्या दिसेनात, आमचं मधलं घरच दिसायला लागलं. वीस-पंचवीस क्विंटल कापूस! पातळ गादी फक्त वरचे सूर पिते, ढीग मात्र जाड असला तर खालचेही पितो. सॅबिनला रातोरात गाद्या वाहाव्या लागल्या, आमच्याकडे निसर्ग दर दिवाळीला जगातला उत्तम ध्वनिशोषक आणून आढ्यापर्यंत रचून देत होता, आणि आम्ही भाव वाढायची वाट बघत होतो.

तर ती कॅसेट तशाच एका कार्तिक एकादशीची. साल 1986 किंवा 87. मी सातवीत. टेपरेकॉर्डर मामाचा, मागून आणलेला, चार मोठ्या सेलांवर चालणारा, कारण त्या दिवशी लाइट नव्हती. दुकानात नवे सेल दोनच मिळाले. बाकीचे दोन जुने, माळवदावर उन्हात तापवून 'भरलेले'. मराठवाड्यात मोठ्या झालेल्या कुणालाही मी हे समजावून सांगायची गरज नाही. टेप माझ्या ताब्यात होता. मी त्याला कापसाच्या उतारावर बसवला आणि लाल आणि काळं अशी दोन्ही बटणं एकदम दाबून धरली.

ती कॅसेट आमच्या घरानं तीस वर्षं ऐकली. तिच्यातले सगळे दोष आम्हाला पाठ होते. माइक टेपच्या आतलाच, आणि आवाजाची पातळी यंत्र स्वतः वरखाली करायचं. त्यामुळे टाळ कडाडले की अण्णा घाबरून मागे गेल्यासारखे व्हायचे आणि टाळ थांबले की हळूच पुढे यायचे. सबंध भजनभर हे चालायचं, श्वासासारखं. आणि मोठा दोष पुढचा. रेकॉर्डिंग होताना सेल उतरत होते. सेल उतरले की फीत हळू सरकते. ती फीत पुढे नीट वेगानं वाजवली की जे हळू टिपलं ते भरभर बाहेर येतं. म्हणजे कॅसेटच्या सुरुवातीला अण्णा काळी एकमध्ये (पेटीच्या त्या पट्टीला सा धरून), पंचेचाळिशीचे, भारदस्त. दुसऱ्या अभंगात तिशीचे. गौळणीपर्यंत बरेच वर पोचलेले, आवाज बारीक, लय चढलेली, लग्न न झालेल्या पोरासारखे. आणि शेवटच्या काही सेकंदांत चिमणीसारखी चिवचिव होऊन, खट्ट. ती चिवचिव आली की आम्ही भावंडं लोळून हसायचो, आणि अण्णाही हसायचे. "गाता गाता बाळ झालो बघ," असं ते पाहुण्यांना सांगायचे.

गेल्या पावसाळ्यात मी ते सगळं दुरुस्त केलं. कसं केलं ते सांगण्यात मला अजूनही थोडी फुशारकी वाटते. अण्णा कायम काळी एकमध्ये गायचे आणि पेटीही तीच, तेव्हा पेटीच्या षड्जाला, म्हणजे सा ला, खुंटी मानून मी दर दहा सेकंदांनी वेग मोजला आणि तुकड्या-तुकड्यानं परत जागेवर आणला. टाळांच्या वेळी आवाज जितका दबला तितका उचलला. फितीची खरखर गाळली. महिना गेला. शेवटी जे हातात आलं ते रेषेवर, आकड्यावर, कुठल्याही कसोटीवर बरोबर होतं. पहिल्या अभंगापासून गौळणीपर्यंत अण्णा पंचेचाळिशीचेच राहिले.

आणि ते स्पीकरवर लावल्यावर मला पहिल्यांदा ऐकू आलं की अण्णांचा गंधार, म्हणजे सारेगमधला ग, उतरलेला आहे.

किती वाईट वाटलं ते लिहिता येत नाही. तीस वर्षांत एकदाही ते जाणवलं नव्हतं. गावात त्यांच्या गळ्याचं नाव होतं, चार गावांहून बोलावणं यायचं. मी मोजलं. (मोजायला नको होतं, पण माझ्यासारख्या माणसाच्या हाती मोजपट्टी असल्यावर तो दुसरं काय करणार?) पेटीच्या दोन लागून असलेल्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर त्या एका भागाला सेंट म्हणतात. अण्णांचा गंधार पेटीच्या गंधारापेक्षा बारा ते पंधरा सेंट खाली लागत होता. दर वेळी. चुकून नाही, सवयीनं.

हे मी लातूरच्या मित्राला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "गाढवा, पेटी मोज." आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पेटीच्या सप्तकाचे बारा अगदी समान तुकडे केलेले असतात, म्हणून तिचा शुद्ध गंधार षड्जापासून 400 सेंटांवर येतो. तंबोऱ्याची षड्जाची तार जुळून आली की तिच्यातून आपोआप जो गंधार ऐकू येतो तो 386 वर. चौदा सेंटांचा फरक, आणि चढी पेटी आहे. याच भांडणापायी आकाशवाणीनं 1940 साली पेटीला दारातून बाहेर काढलं होतं आणि ती आत यायला 1971 उजाडलं. म्हणजे मी ज्या खुंटीला धरून बापाला बेसूर ठरवत होतो, ती खुंटीच कलती होती.

इथेच थांबलो असतो तर लेख छान झाला असता. पण अण्णांनी तंबोरा कधी हातात धरला नव्हता. आमच्या गावात तंबोराच नव्हता. मग तो 386 चा गंधार त्यांनी आणला कुठून? जात्यावरच्या ओव्यांतून? की ते खरंच थोडं कमी लावत होते आणि योगायोगानं आकडा जुळला? आणि वरचा षड्ज तर ते सरळच तीस सेंट कमी लावतात, त्याला कुठलंच शास्त्र वाचवू शकत नाही. सगळं टाकून मी जुनी, चढत जाणारी, खरखरणारी कॅसेट ऐकली तर मला यातलं काहीच ऐकू येत नाही. नुसते अण्णा ऐकू येतात. पण एकदा कळल्यावर आता तीही तशी ऐकता येत नाही, मन गंधाराची वाट बघत बसतं. खड्डा माहीत असलेल्या रस्त्यावरून रात्री गाडी चालवल्यासारखं.

म्हणून आत्याचं ते 'लांब कर' मला डसलं. तिला गंधार-बिंधार काही माहीत नव्हतं. तिला फक्त जागा चुकल्यासारखी वाटत होती. आणि दुसऱ्या दिवशी विचार करता करता लक्षात आलं की ती अगदी तांत्रिक गोष्ट बोलली होती. कॅसेट मोनो. एकच आवाज दोन्ही स्पीकरमधून सारखा सोडला की तो दोन्हींच्या बरोबर मधे, हवेत, नाकासमोर उभा राहतो. माझ्या त्रिकोणात बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर साडेतीन फुटांवर अण्णा गात होते. आत्यानं तिच्या भावाला असं कधी ऐकलं होतं? भजन बैठकीत, बाया आत. मधे भिंत, मधे चौकट, कापसाच्या दिवसांत मधे कापूस. हातात कायम काहीतरी काम. तिनं जन्मभर त्याला दुसऱ्या खोलीतूनच ऐकलं. तिच्यापुरतं मूळ रेकॉर्डिंग ते आहे. माझे बुटके काळे स्पीकर माइकपाशी पोचलेला आवाज इमानदारीनं देतात, पण माइक कापसाच्या उतारावर होता आणि आत्या चुलीपाशी.

मग मी जे केलं ते माझ्या जुन्या मित्रांना कळलं तर ते माझं नाव टाकतील. एक स्पीकर उचलला आणि तोंड भिंतीकडे करून बैठकीतल्या कपाटावर ठेवला. दुसरा बंदच केला. गावाहून आणलेली आईची वाकळ ट्रंकेत होती, ती समोरच्या भिंतीवर दोन खिळ्यांना टांगली. (बायको म्हणाली, "आता पाहुण्यांना काय सांगू?" मी म्हणालो, "सॅबिन सांग.") आवाज हळू ठेवला. हळू ठेवला की कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली दाखवून दिलं. जुन्या टेपवर 'लाउडनेस'चं बटण असायचं ते त्यासाठी, आणि ते मी आजवर अडाण्यांचं बटण समजत आलो होतो. म्हणून हातानं खालचे सूर थोडे चढवले. माझी सपाट रेष माळावरच्या टेकाडासारखी झाली. मापाचा माइक लावायचं धाडस केलं नाही. आणि दुरुस्त केलेलं नाही, मूळच्या कॅसेटवरून जसंच्या तसं उतरवलेलं लावलं.

आत्या स्वयंपाकघरात बसली होती. डॉक्टरांनी परवानगी दिल्यापासून तिनं लसूण सोलायला मागून घेतला होता. बघायची गरज नाही, बोटांना येतं. मी तिला काही सांगितलं नाही. कपाटावरून अण्णा सुरू झाले. टाळ कडाडले, अण्णा मागे गेले, टाळ थांबले, अण्णा पुढे आले. तिचे हात चालू होते. दुसऱ्या अभंगाला पायाचा अंगठा हलायला लागला. गौळणीला ती तोंडातल्या तोंडात धरून म्हणू लागली, आणि अण्णा चढत गेले तशी त्यांच्याबरोबर तीही चढत गेली, न अडखळता, तीस वर्षं ती गौळण अशीच चढते हे तिच्याही गळ्याला पाठ होतं. वरच्या षड्जाला दोघंही कमी पडले.

मला खोटं बोलायचं नाही, म्हणून हेही सांगतो. रात्री सगळे झोपल्यावर मी तो स्पीकर परत खोलीत आणला, चिकटपट्टीच्या खुणांवर ठेवला आणि दुरुस्त केलेली प्रत लावली. त्रिकोणात बसलो. कारण गाळलेल्या खरखरीखाली एक गोष्ट आहे, जी जुन्या टेपवर तीस वर्षांत कुणालाच ऐकू आली नव्हती आणि या स्पीकरवर स्वच्छ ऐकू येते. गौळण सुरू व्हायच्या आधी, टाळ थांबलेले असताना, अण्णा हळूच विचारतात, "व्हायलंय का रे बरोबर?" आणि अगदी जवळून, माइकच्या तोंडाशी, एक पोरसवदा आवाज म्हणतो, "व्हायलंय." तो मी. टेपवरचा लाल दिवा तेव्हाच मंद झालेला होता, हे मला पक्कं आठवतं. सांगितलं असतं तर ते थांबले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं स्वतःहून विचारलं, "भजन लावतोस का?" मी स्पीकर पुन्हा कपाटावर नेला. ती लसणाशिवायच बसली, भिंतीला टेकून, काळा चष्मा लावून. गौळण झाली, चिवचिव आली, ती पदर तोंडाला लावून हसली. मग खट्ट. ती तशीच बसून राहिली.

"पुढं?" ती म्हणाली.

"पुढं नाही आत्या. सेल संपले होते."

"मग टाक की सेल," ती म्हणाली, आणि हात पुढे करून अंदाजानं लसणाची टोपली ओढली.